घरच्या घरी गोल्फचा सराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात राहून गोल्फ खेळणाऱ्या, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची फेरी पुण्यालाच होते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे असल्यामुळे महिन्यातून एक, फार तर दोन वेळा कोर्सवर पाय ठेवता येतो आणि मधले सगळे दिवस हॉल, गच्ची आणि अंगण यांवर भागवावे लागते. या मधल्या दिवसांत काय करावे, याविषयी फोनवर आणि निरोपांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा पुढचा भाग दुसरीकडे असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिल्या आहेत. डावखुऱ्यांनी प्रश्न १९ आधी वाचावा.

१. घरी सराव करून खेळ खरोखर सुधारतो का, की कोर्सवर गेल्याशिवाय काही उपयोग नाही?

सुधारतो, मात्र खेळाचा कोणता भाग घरी येतो आणि कोणता येत नाही, हे आधी ठरवून घ्यावे लागते. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन 'पट' (चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवणारे फटके) गृहीत धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरचे, म्हणजे पट मारायच्या क्लबचे (काठीचे). त्यांतला दिशेचा भाग घरच्या फरशीवर शिकता येतो. आयर्नचा (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचा) चेंडूशी होणारा संपर्क गच्चीवर शिकता येतो आणि पाठ, खुबे व पाय यांची तयारी तर घरीच होते. याउलट ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा) उतार वाचणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू काढणे आणि लांब गवतात रुतलेला चेंडू खेळणे, या गोष्टींना घरात पर्याय नाही. त्यांसाठी कोर्सवरचाच वेळ राखून ठेवावा.

घरच्या कोणत्याही सरावाला मी एकच कसोटी लावतो. फटका मारल्याबरोबर तो बरोबर होता की चुकला, हे त्या सरावातून आपोआप कळते का? कळत असेल तर रोजची दहा मिनिटेही पुरतात. कळत नसेल तर तासभर घाम गाळूनही आपण बहुधा आपली जुनी चूकच पक्की करत असतो. पुढची बहुतेक उत्तरे याच कसोटीवर उभी आहेत.

२. सुरुवातीला कोणती साधने विकत घ्यावीत?

पाच वस्तू पुरतात: जाड टर्किश टॉवेल, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या पीव्हीसी पाईपचे सुमारे सव्वा मीटरचे दोन तुकडे, एक लहान आरसा, व्हाइटबोर्डचा मार्कर आणि अडीच-तीन मीटर लांबीची पटिंग मॅट. मॅट सोडली तर बाकीच्या वस्तूंवर फारसा खर्च होत नाही. पाईपचा एक तुकडा पावलांच्या रेषेत आणि दुसरा चेंडूच्या पलीकडे लक्ष्याच्या रेषेत ठेवला की स्टान्स (उभे राहण्याची ठेवण) तिरका होतो आहे का, ते दिसते. पाईप गोल असल्यामुळे त्यावर पाय पडला तर घसरतो, म्हणून तो पावलांच्या टोकांपासून थोडा पुढे ठेवावा.

मार्करचा उपयोग अनेकांना ठाऊक नसतो. चेंडूच्या मागच्या बाजूला एक ठसठशीत ठिपका काढावा आणि तो ओला असतानाच क्लबने फटका मारावा. फेसवर (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर) जेथे शाई उमटेल तेथे चेंडू लागलेला असतो. ठिपका सतत फेसच्या टोकाकडे उमटत असेल तर आपण चेंडूपासून दूर उभे आहोत किंवा फटक्याच्या वेळी हात अंगाजवळ ओढले जात आहेत. कोरड्या फडक्याने फेस पुसून पुढचा फटका मारावा.

हातांना पट्टे बांधून स्विंग (क्लब फिरवण्याची हालचाल) 'योग्य मार्गावर' नेणारी महागडी साधने मी सुरुवातीला घेऊ नका असे सांगतो. ती अंगावर असेपर्यंत स्विंग सुरेख दिसतो, पण पट्टे काढल्यावर शरीराला काय कळले, ते तपासण्याची सोय त्यांत नसते.

३. टॉवेलचा सराव नेमका कसा करायचा?

टॉवेलांच्या या शहरात सरावासाठी टॉवेल शोधत हिंडावे लागत नाही, आणि माझ्या मते याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. टॉवेलची घडी घालून ती दोन-अडीच सेंटीमीटर जाड आणि वीतभर रुंद करावी आणि चेंडूच्या मागे दहा ते बारा सेंटीमीटरवर आडवी ठेवावी. आता सात नंबरच्या आयर्नने अर्धा स्विंग घ्यावा. क्लब चेंडूच्या आधीच खाली आला तर तो टॉवेलमध्ये अडकतो, टॉवेल फरफटत पुढे येतो आणि मनगटाला एक मऊ झटका बसतो. चेंडू आधी आणि जमीन नंतर, असा संपर्क झाला तर टॉवेल जागचा हलत नाही. टर्किश टॉवेलचे उभे धागे क्लबची कड चटकन पकडतात, म्हणून गुळगुळीत पंचापेक्षा तो चांगला. टॉवेल नवा हवा असे नाही. धुऊन धुऊन मऊ झालेला असला तरी चालतो, मात्र घडी जाड असावी.

बहुतेकांचा टॉवेल फरफटतो, याचे कारण हातांत नसून पायांत असते. खाली येताना शरीराचा भार उजव्या पायावरच राहिला की स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. पहिल्या आठवड्यात चेंडू न ठेवता, उजवी टाच किंचित उचलून आणि भार डाव्या पायावर घेऊनच अर्धे स्विंग घ्यावेत. नंतर प्लास्टिकचा चेंडू ठेवावा. दहापैकी आठ वेळा टॉवेल जागेवर राहू लागला की तो चेंडूकडे दोन सेंटीमीटर सरकवावा.

दुसरा प्रकार म्हणजे टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरणे आणि लहान चिप (जवळचे छोटे फटके) मारणे. हात छातीपासून सुटले तर टॉवेल पडतो. हा सराव अर्ध्या स्विंगपुरताच ठेवावा. पूर्ण स्विंगमध्ये उजवे कोपर अंगापासून थोडे सुटणे स्वाभाविक आहे आणि तेथे टॉवेल धरण्याचा हट्ट केल्यास स्विंग आखडतो.

४. घरच्या फरशीवर पटिंगचा सराव करून काय मिळणार? ग्रीन तर वेगळे असते.

दिशा मिळते, आणि पटिंगमध्ये सुरुवातीची दिशा बहुतांशी पटरच्या फेसवर ठरते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटीमीटर. चेंडू ठरलेल्या रेषेपासून फक्त एक अंशाने चुकीच्या दिशेला निघाला तर तीन मीटरवर तो सुमारे ५.२ सेंटीमीटर बाजूला गेलेला असतो. तीन मीटरच्या सरळ पटला तुमच्या हातात जेमतेम एक अंशाची सूट आहे, ती एवढीच.

हा एक अंश घरी मोजता येतो. चेंडूच्या पुढे चाळीस सेंटीमीटरवर दोन काडेपेट्या साडेपाच सेंटीमीटरच्या अंतराने उभ्या ठेवाव्यात. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना साधारण सहा-सहा मिलिमीटर जागा उरते आणि काडेपेटीला न लागता पार होणारा चेंडू एक अंशाच्या आत निघालेला असतो. काडेपेटी पडल्याचा आवाजच निकाल सांगतो.

याहून कठीण सराव हवा असेल तर लोखंडी मीटरपट्टी घ्यावी. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने बरेच आहेत. कटिंग मास्टरच्या टेबलावर जी पट्टी असते, तीच. पट्टीच्या एका टोकावर चेंडू ठेवून तो दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीवरून न उतरता न्यायचा. पहिल्या दिवशी दहापैकी दोन-तीन चेंडू पोहोचतात आणि माणूस हिरमुसतो. तेथे थांबू नये. फरशीवर चेंडू फार लांब पळतो, म्हणून पट्टीच्या पुढे उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवावी.

२०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्याच्या अंतरावर. ड्राइव्हच्या (होलच्या सुरुवातीच्या लांब फटक्याच्या) लांबीत ती इतरांच्या मागे होती आणि पटिंगच्या बळावर शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत टिकली. ताकद कमी पडते म्हणून निराश होणाऱ्या प्रत्येक खेळाडूने, विशेषतः मुलींनी, तिची ती फेरी लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

५. मग पटचा वेग घरी कसा शिकायचा?

अचूक वेग घरी शिकता येत नाही, पण वेग बदलता येणे शिकता येते. फरशी, पटिंग मॅट आणि साधी सतरंजी अशा तीन पृष्ठभागांवर एकाच अंतराचे पट आळीपाळीने मारावेत. सोलापुरी चादर मात्र यासाठी अंथरू नये. तिच्या जेकार्ड नक्षीच्या उंचवट्यावर चेंडू हलतो आणि दिशेचा अंदाज बिघडतो.

ग्रीनचा वेग मोजण्यासाठी एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये एक खाचेची पट्टी तयार केली. तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलले की साधारण २० अंशांच्या कोनात चेंडू सुटतो आणि सपाट जागेवर तो किती फूट जातो, तो त्या ग्रीनचा आकडा. ॲल्युमिनियमचा अँगल घेऊन, चेंडूची जागा खालच्या टोकापासून ७६ सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून सुमारे २६ सेंटीमीटर उंच ठेवून, घरीही असे साधन करता येते. अँगलची खाच मूळ पट्टीपेक्षा अरुंद असल्यामुळे त्यावर आलेला आकडा कोर्सच्या आकड्याशी ताडून पाहू नये. आपली मॅट उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती बदलते, एवढे त्यावरून कळते.

६. पटिंगसाठी आरसा कशाला?

डोळ्यांची जागा पाहण्यासाठी. आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पटरच्या रेषेत मार्करने एक रेघ ओढावी आणि नेहमीप्रमाणे उभे राहावे. डोळे त्या रेघेवर किंवा किंचित आतल्या बाजूला दिसले पाहिजेत. ते रेघेच्या बाहेर गेले असतील तर सरळ रेषाही वाकडी दिसते आणि मग चांगला फटकाही चुकतो. खांद्यांची रेषा तिरकी आहे का, तेही त्याच आरशात दिसते. दिवसाला पाच वेळा पाहणे पुरेसे आहे.

७. गच्चीवर जाळी लावून खरा चेंडू मारला तर चालेल का?

चालेल, पण जाळीवर विश्वास ठेवण्याआधी पुढचे वाचावे. ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने) मारलेला चेंडू हौशी खेळाडूकडूनही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास सुटतो आणि त्याचे वजन ४६ ग्रॅमपर्यंत असते. माझी जाळी एक अख्खा उन्हाळा गच्चीवर तशीच बांधलेली राहिली होती. हाताने ओढून पाहिली तेव्हा ती मजबूत वाटली, पण एप्रिल-मेच्या उन्हाने नायलॉनचे धागे आतून ठिसूळ झाले होते. सातव्या की आठव्या चेंडूला जाळी फाटली आणि शेजारच्या गच्चीवरील सोलरची काचेची नळी फुटली. त्या वेळी त्या गच्चीवर कोणी नव्हते. काचेचे तुकडे गोळा करताना मला एकच गोष्ट दिसत होती: सकाळी त्याच जागी कपडे वाळत घालायला माणसे येतात.

तेव्हापासून काही गोष्टी मी सोडत नाही. जाळी वापरून झाली की काढून सावलीत ठेवतो. चेंडूच्या उंचीला मागे दुसरी जाळी किंवा जुने जाड ब्लँकेट सैल टांगतो; ताणून बांधलेली जाळी चेंडू उलट अंगावर फेकते. खऱ्या चेंडूने फक्त वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि लहान आयर्न मारतो, ड्रायव्हर कधीच नाही. कठड्यापलीकडे रस्ता किंवा दुसऱ्याची गच्ची असेल तर खरा चेंडू वापरूच नये. प्रश्न ९ मधला पर्याय घ्यावा.

खोलीत स्विंग करायचा असेल तर साधारण तीन मीटर उंची लागते आणि पंखा त्याहून खाली असतो, हे विसरले जाते. ज्या क्लबने सराव करायचा तो हातात घेऊन आधी अतिशय सावकाश पूर्ण स्विंग फिरवून पाहावा.

८. मॅटवर माझे फटके उत्तम बसतात, कोर्सवर मात्र चेंडूच्या मागे माती उडते. असे का?

मॅट चूक लपवते. क्लब चेंडूच्या पाच सेंटीमीटर मागे आदळला तरी मॅटवरून तो घसरत पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. गवतात तोच क्लब रुतून बसतो. यावर उपाय प्रश्न ३ मधल्या टॉवेलचा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्लॅबवर पातळ मॅट टाकून रोज शंभर चेंडू मारणाऱ्यांना डाव्या मनगटाचे आणि कोपराचे दुखणे लागते, कारण मागे आदळलेल्या क्लबचा सगळा धक्का जमिनीऐवजी हाताने सोसलेला असतो. मॅटखाली रबरशीट किंवा जाड फोम घालावा आणि एका बैठकीत चाळीस-पन्नास चेंडूंवर जाऊ नये.

९. प्लास्टिकचा चेंडू घ्यावा की फोमचा?

दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींचे काम वेगळे. छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू संपर्कासाठी बरा, कारण फेसच्या मध्यावर लागला की नाही ते त्याच्या आवाजावरून कळते. फोमचा चेंडू सुरुवातीची दिशा बऱ्यापैकी दाखवतो आणि खिडकीला लागला तरी काच फुटत नाही. चेंडू हवेत किती वळतो आणि किती लांब जातो, हे मात्र दोन्हींवरून ठरवू नये. फोमच्या चेंडूला वाऱ्याने वळवले आणि खेळाडूने त्यावरून आपली ग्रिप (क्लब धरण्याची पद्धत) बदलली, असे मी दोन-तीनदा पाहिले आहे.

१०. मोबाइलवर स्विंगचे चित्रीकरण करतो. पण दर वेळी स्विंग वेगळा दिसतो.

बहुधा स्विंग तोच असतो आणि मोबाइलची जागा बदललेली असते. मागून चित्रीकरण करताना मोबाइल हातांच्या उंचीवर आणि लक्ष्याच्या रेषेला समांतर, हातांच्या मागे असावा. तो वीतभर आत किंवा बाहेर सरकला तरी क्लबचा मार्ग निराळा दिसतो. समोरून चित्रीकरण करताना तो छातीच्या उंचीवर आणि नेमका समोर असावा. गच्चीवर दोन्ही जागांवर ऑइलपेंटने खुणा करून ठेवाव्यात. स्लो मोशन वापरावे आणि एका वेळी एकच गोष्ट तपासावी. चित्रफितीतून चेंडूचा संपर्क कळत नाही. त्यासाठी प्रश्न २ मधला मार्करच खरा.

११. लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि दिशा मोजणारे उपकरण) घ्यावा का?

टॉवेलचा आणि काडेपेट्यांचा सराव स्थिर झाल्याशिवाय घेऊ नये. घ्यायचाच असेल तर जागा पाहून घ्यावा: रडारवर चालणाऱ्या उपकरणाला चेंडू काही मीटर उडताना दिसावा लागतो, त्यामुळे लहान खोलीत कॅमेऱ्यावर चालणारे बरे.

१२. जड क्लब फिरवून अंतर वाढते का?

केवळ जड क्लब फिरवल्याने शरीर तापते, वेग फारसा वाढत नाही. शरीर जड वस्तू सावकाश फिरवायला शिकते. वेग वाढवण्यासाठी हलकी काठी शक्य तितक्या जोराने फिरवण्याचाही भाग लागतो. आयर्न उलटा धरून, म्हणजे मानेला पकडून, ग्रिपच्या (मुठीच्या) बाजूने हवा कापल्याचा 'सूं' आवाज काढावा. आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे आला पाहिजे. मागे आला तर वेग आधीच खर्च झाला. आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक वेळी पंधरा-वीस स्विंग, मध्ये पुरेशी विश्रांती, आणि एक दिवसाआड. पाठ दुखत असेल त्या दिवशी हा सराव करू नये.

१३. गोल्फसाठी नेमका कोणता व्यायाम करावा?

स्विंगमध्ये कंबरेचा खालचा भाग फार वळत नाही. वळतो तो पाठीचा वरचा भाग आणि खुबे. हे दोन आखडले की त्यांचे काम कंबरेवर पडते, आणि गोल्फपटूंत सर्वाधिक आढळणाऱ्या दुखण्यांत कंबर आहे ती त्यामुळे.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष तपासावी लागते. मांडी घालून बसण्याची सवय असलेल्यांचे खुबे बाहेरच्या बाजूला छान वळतात, म्हणून त्यांना वाटते की आपले खुबे मोकळे आहेत. फटक्यानंतर शरीर डाव्या पायावर वळते तेव्हा मात्र डाव्या खुब्यात मांडीचे हाड आतल्या बाजूला वळावे लागते, आणि ती हालचाल मांडी घालून बसल्याने येत नाही. पलंगाच्या कडेवर बसावे, गुडघे जागेवर ठेवावेत आणि डावे पाऊल शक्य तितके बाहेर न्यावे. उजव्यापेक्षा ते बरेच कमी जात असेल तर तुमचा स्विंग पूर्ण का होत नाही, याचे उत्तर तेथे असू शकते. जमिनीवर बसून एक पाय पुढे व एक बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात, अशी बैठक रोज दोन्ही बाजूंनी मिनिटभर घ्यावी. पाठीसाठी कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा मागे नेत छाती उघडावी.

ताकदीसाठी बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कोपरावर आडवे तोलून धरणे, हे आठवड्यातून दोन-तीन वेळा. आणखी एक व्यायाम आमच्या शहरात आपसूक होतो. नळाला पाणी आले की भरलेली बादली एकाच हातात घेऊन, खांदे समपातळीत ठेवून, जिन्याने गच्चीवर न्यावी आणि परतताना हात बदलावा. बादलीकडे न झुकण्यासाठी कंबरेच्या बाजूचे जे स्नायू काम करतात, तेच स्विंगमध्ये शरीर तोलून धरतात.

१४. मी रोज सूर्यनमस्कार घालतो आणि तालमीत मुद्गलही फिरवतो. तेवढे पुरेल का?

पाया उत्तम आहे. सूर्यनमस्कारात शरीर पुढे-मागे वाकते, मांडीमागचे स्नायू आणि खांदे मोकळे होतात; पण त्यात वळण्याची हालचाल जवळपास नाही, म्हणून प्रश्न १३ मधले दोन वळणांचे व्यायाम जोडावेत. मुद्गलाने पकड आणि खांदे दोन्ही तयार होतात. फेरीच्या आदल्या दिवशी मात्र जड मुद्गल फिरवू नये. दंड भरून आले की पटरवरचा हात हलका राहत नाही.

१५. सोलापूरच्या उन्हाळ्यात सराव कधी करावा?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. गच्ची सकाळी आठपर्यंतच वापरावी आणि संध्याकाळी स्लॅब तापलेला असतो हे लक्षात घ्यावे. दुपार पटिंगला द्यावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, घाम खूप येत असेल तर मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस घ्यावे. गरगरणे, मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले तर सराव तेथेच थांबवून सावलीत जावे, अंग ओले करावे, आणि बोलण्यात विसंगती आली तर लगेच दवाखाना गाठावा. क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. उष्णतेने ग्रिपचे रबर कडक आणि गुळगुळीत होते.

१६. पुण्याला चार-पाच तास गाडीत बसून पोहोचल्यावर पहिले पाच होल वाया जातात. काय करावे?

बसून खुबे आणि पाठ आखडलेली असते. वाटेत इंदापूर किंवा भिगवणला उतरून दहा मिनिटे चालावे. कोर्सवर पोहोचल्यावर आधी चेंडू न मारता भरभर चालणे, पाय पुढे-मागे झुलवणे, क्लब खांद्यांवर आडवा धरून वळणे, आणि मग वेजने लहान स्विंगपासून सुरुवात. हुतात्मा एक्स्प्रेसने जाणाऱ्यांना डब्यात उठून फिरता येते. मी शक्यतो तेच करतो. पहिल्या टीवर (पहिल्या होलच्या सुरुवातीच्या जागी) ड्रायव्हरऐवजी हायब्रिड (त्याहून आखूड, मारायला सोपा क्लब) घेणे हा कमीपणा नव्हे.

१७. घरी दहापैकी नऊ फटके जमतात, कोर्सवर तेच बिघडतात. सरावात काय चुकते?

घरी तुम्ही एकच फटका सलग मारता. तिसऱ्या-चौथ्या चेंडूपासून शरीर आधीचीच हालचाल पुन्हा करते, त्याला नव्याने काही ठरवावे लागत नाही. कोर्सवर मात्र प्रत्येक फटका पहिलाच असतो आणि दोन फटक्यांत काही मिनिटांचे अंतर असते. म्हणून नवी हालचाल शिकताना सुरुवातीला सलग सराव करावा, पण ती बसू लागली की प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे, चेंडूमागे जाऊन रेषा पाहावी आणि नेहमीची तयारी पूर्ण करूनच मारावे. वेळ कमी असेल तर दहा चेंडू असे मारावेत, पन्नास सलग मारू नयेत.

दडपणाचा सराव पटिंगला जोडता येतो. प्रश्न ४ मधल्या काडेपेट्यांमधून सलग नऊ चेंडू न्यायचे आणि एक चुकला की पुन्हा शून्यापासून. सातवा आणि आठवा चेंडू मारताना हाताला जे जाणवते, ते अठराव्या होलवरच्या पटशी बरेच मिळतेजुळते असते.

१८. मुलांसाठी मोठ्यांचे क्लब कापून दिले तर चालतील का?

देऊ नयेत. कापलेला क्लब लांबीने लहान होतो, पण डोके जड आणि शाफ्ट (दांडी) ताठ राहते. मूल तो उचलण्यासाठी पूर्ण शरीर मागे टाकते आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. मुलाच्या उंचीचा एक सात नंबर आणि एक पटर, दोनच क्लब घ्यावेत. दहा-बारा वर्षांपर्यंत वजनाचे व्यायाम लादण्यापेक्षा लंगडी, खो-खो आणि चेंडू फेकणे यांनी जो तोल येतो तो अधिक उपयोगी.

१९. मी डावखुरा आहे. काय बदलावे?

या पानावर जेथे 'डावा पाय', 'डावा खुबा', 'डावे मनगट' म्हटले आहे तेथे उजवा वाचावा, आणि उलट. व्यायाम दोन्ही बाजूंनी करायचेच आहेत. प्रवासात भाड्याने डाव्या हाताचे क्लब मिळतील याची खात्री नसते, म्हणून स्वतःचे सोबत न्यावेत. जेवणा-लिहिण्याला डावे पण क्रिकेट उजव्या हाताने खेळणारे बरेच असतात. त्यांनी बॅट ज्या बाजूने धरली जाते त्याच बाजूने गोल्फ सुरू करावा.

२०. स्पर्धेच्या फेरीत ही साधने वापरता येतात का?

बॅगेत असणे चालते, वापरणे चालत नाही. फेरी सुरू असताना पाईप किंवा काठी रेषेसाठी खाली ठेवणे, वजनाची कडी क्लबवर चढवून सरावाचा स्विंग घेणे, हे गोल्फच्या नियम ४.३ च्या विरुद्ध आहे. पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आणि दुसऱ्या वेळी बाद. अंतर मोजणारे यंत्र २०१९ पासून स्पर्धेने मनाई केली नसेल तर चालते, पण उतार धरून अंतर सांगण्याची सोय बंद ठेवावी लागते. पटर पोटाला किंवा छातीला टेकवून मारण्यास २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा घरी तशी सवय लावूच नये. आणि सरावाचा जादा वेज बॅगेत विसरला तर क्लब पंधरा होतात. मर्यादा चौदाची आहे, म्हणून सोलापुरातून निघण्याआधी रात्रीच क्लब मोजून ठेवावेत.